‘पॉझिटिव्ह’ किती, आणि कशावर? बडोद्यातील लॅबचालकांना आणि लिव्हरच्या डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
बडोद्यातील पॅथॉलॉजी लॅबचे चालक व पॅथॉलॉजिस्ट,
आणि पोटाचे व लिव्हरचे आजार पाहणारे डॉक्टर

सप्रेम नमस्कार.

लॅबच्या दरपत्रकात हल्ली ‘ऑटोइम्यून लिव्हर प्रोफाइल’ नावाचे पॅकेज असते, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लिव्हरवर उलटली आहे का ते पाहणारी रक्ततपासणी. त्याचा रिपोर्ट एका पानाचा येतो आणि खाली ठळक अक्षरांत ‘निगेटिव्ह’ लिहिलेले असते. घरचे लोक सुटकेचा श्वास सोडतात. रिपोर्ट पाहणारे जनरल डॉक्टरही कित्येकदा तिथेच थांबतात आणि ‘फॅटी लिव्हर’ म्हणून गोळ्या देतात. पण या पॅकेजमध्ये ऑटोइम्यून हिपॅटायटिसच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराची मुख्य तपासणी बहुधा केलेलीच नसते. जी तपासणी झाली नाही ती निगेटिव्ह कशी येईल? आमची तक्रार इथून सुरू होते.

आम्ही बडोद्यात राहणारे, लिव्हरच्या ऑटोइम्यून आजारांची औषधे घेणारे आणि त्यांच्या घरचे लोक आहोत. आमच्या फायली जाड आहेत, पण त्यांतल्या निम्म्या कागदांवरून निदान ठरत नाही. मग रक्त पुन्हा द्यावे लागते, पैसे पुन्हा भरावे लागतात. पहाटेची गाडी धरून अहमदाबादला किंवा मुंबईला गेले की तिथले डॉक्टर फाइल उलटून विचारतात, “टायटर कुठे आहे?” म्हणजे अँटिबॉडी किती, त्याचा आकडा. इकडे लिव्हर कुणासाठी थांबत नाही. निदान होते त्या दिवशी साधारण तीनातल्या एका रुग्णाला सिरॉसिस, म्हणजे लिव्हरवर व्रण पडून ते कडक होणे, आधीच झालेला असतो.

मलेरियाचा जंतू स्लाइडवर दिसतो, हिपॅटायटिस बीचा अँटिजेन रक्तात सापडतो. ऑटोइम्यून हिपॅटायटिसमध्ये असा एकच पुरावा नसतो. शरीराची प्रतिकारशक्ती लिव्हरच्या पेशींवर उलटली आहे हे वेगवेगळ्या खुणा एकत्र मांडून ठरवावे लागते, आणि ती मांडणी अक्षरशः बेरजेची आहे. या आजारावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने २००८ साली सोपी गुणपद्धत दिली. पहिला रकाना अँटिबॉडीचा. एएनए (पेशीकेंद्रावरची अँटिबॉडी) किंवा एसएमए (स्मूथ मसल अँटिबॉडी) १:४० असेल, म्हणजे सीरम ४० पट पातळ केल्यावरही दिसली, तर १ गुण, १:८० किंवा त्याहून जास्त असेल तर २. एलकेएम आणि एसएलए या आणखी दोन अँटिबॉडी. एलकेएम १:४० किंवा त्याहून जास्त आली, किंवा एसएलए पॉझिटिव्ह आली, तरी २. अँटिबॉडी कितीही सापडल्या तरी या रकान्यात २ च्या वर गुण नाहीत. दुसरा रकाना आयजीजीचा, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडी-प्रथिनाच्या एकूण प्रमाणाचा. नॉर्मलच्या वरच्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर १, त्या मर्यादेच्या १.१ पटीहून जास्त असेल तर २. तिसरा बायॉप्सीचा, म्हणजे सुईने काढलेल्या लिव्हरच्या तुकड्याचा. चित्र आजाराशी जुळते असेल तर १, नमुनेदार असेल तर २. चौथ्या रकान्यात विषाणूजन्य हिपॅटायटिस नाही हे तपासून ठरले की २. बेरीज ६ झाली की आजाराची दाट शक्यता, ७ किंवा ८ झाली की निदान पक्के.

ही पद्धत सगळीकडे पुरत नाही. आजार अचानक भडकलेला असेल किंवा रुग्ण लहान मूल असेल तर ती कमी पडते. तेव्हा १९९९ ची लांबलचक पद्धत आणि डॉक्टरांचा अनुभव लागतो, आणि अनुभवाचा मान आम्ही ठेवतो. पण अनुभवी डॉक्टरांनाही कागदावर आकडा लागतो. तो का मिळत नाही, ते एकेक करून सांगतो.

१. ब्लॉटच्या पट्टीला पूर्ण तपासणी म्हणणे

‘लिव्हर प्रोफाइल’ ही बहुतेक वेळा इम्युनोब्लॉट असते. म्हणजे एक बारीक पट्टी, तिच्यावर निवडक अँटिजेनच्या रेघा: एएमए-एम२, एसपी१००, जीपी२१०, एलकेएम-१, एलसी-१, एसएलए. यातल्या पहिल्या तीन रेघा पीबीसीच्या कामाच्या, म्हणजे पित्ताच्या बारीक नळ्या नासवणाऱ्या आजाराच्या. एलकेएम-१ आणि एलसी-१ ऑटोइम्यून हिपॅटायटिसच्या टाइप २ च्या, आणि तो मुख्यतः मुलांत आढळतो. प्रौढांत नेहमी दिसणारा टाइप १ ओळखायचा तो एएनए आणि एसएमए यांवरून. त्या दोन्ही सहसा या पट्टीवर नसतात. एखाद्या पट्टीवर एफ-अ‍ॅक्टिनची (एसएमए ज्यावर चिकटते त्या प्रथिनाची) रेघ असली तरी एएनएची उणीव उरतेच.

पट्टी निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणत नाही. एसएलए ही अँटिबॉडी सूक्ष्मदर्शकाखाली चमकून दिसत नाही, ती पट्टीवर किंवा एलायझा या रक्तचाचणीनेच पकडावी लागते, आणि काही रुग्णांत ती एकटीच सापडते. पण पट्टी आणि स्लाइड मिळून तपासणी पूर्ण होते. फक्त पट्टी करून ‘ऑटोइम्यून निगेटिव्ह’ असा शेरा मारला की रुग्णाची वर्षे जातात.

२. एएनएचा टायटर आणि पद्धत न लिहिणे

‘एएनए: पॉझिटिव्ह’. बस्स, एवढेच. किंवा ‘एएनए: २.४’, म्हणजे एलायझाचे गुणोत्तर. किंवा ‘++’. यातल्या कशालाही गुण देता येत नाहीत. टायटर म्हणजे रक्तातला सीरम किती पातळ केल्यावरही स्लाइडवर चमक उरली तो आकडा. १:४०, १:८०, १:१६०, १:३२० अशा पायऱ्या असतात. ‘++’ हे चमकीच्या जोराचे माप आहे, पायरीचे नाही.

हा आकडा का महत्त्वाचा? कारण थोडी एएनए निरोगी माणसातही असते. एचईपी-२ पेशींच्या (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींच्या) स्लाइडवर निरोगी लोकांची तपासणी केली तेव्हा १:४० ला जवळजवळ तिसरा हिस्सा लोक पॉझिटिव्ह निघाले, १:८० ला सुमारे १३ टक्के आणि १:३२० ला ३ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे नुसत्या ‘पॉझिटिव्ह’ शब्दाने निरोगी माणूस घाबरतो आणि आजारी माणूस गर्दीत हरवतो.

यात आणखी एक पेच आहे. गुणपद्धतीतली १:४० ची मर्यादा उंदराच्या लिव्हर, किडनी आणि जठराच्या कापांवरच्या तपासणीसाठी आहे. लॅबमध्ये एएनए बहुधा एचईपी-२ पेशींवर होते. त्या जास्त संवेदनशील असल्याने तिथे मर्यादा वर न्यावी लागते. शिवाय बऱ्याच लॅब सुरुवातच १:८० किंवा १:१०० पासून करतात. तिथे ‘निगेटिव्ह’ आले याचा अर्थ १:१०० ला निगेटिव्ह आले, एवढाच. १:४० ला काय होते ते पाहिलेच नाही. आणि रुग्ण लहान मूल असेल तर एएनए आणि एसएमए १:२० ला, तर एलकेएम १:१० ला सुद्धा महत्त्वाची ठरते. मुलाचा रिपोर्ट मोठ्या माणसाच्या मापाने ‘निगेटिव्ह’ छापू नका, एवढे तरी लगेच थांबवा.

३. एसएमए कापांवर न करणे

एसएमए पाहायची ती उंदराच्या तिन्ही अवयवांच्या कापांवर. नुसती रक्तवाहिन्यांची भिंत चमकली तर अर्थ कमी. भिंतीबरोबर किडनीतले ग्लोमेरुलस आणि नलिकाही चमकल्या तर ऑटोइम्यून हिपॅटायटिसची शक्यता बरीच वाढते. म्हणून आकृतिबंध लिहिणे गरजेचे. याच कापांवर एएमए (पीबीसीची अँटिबॉडी) आणि एलकेएम यांची गल्लतही होते, कारण दोन्ही किडनीच्या नलिकांना रंगवतात. एलकेएम प्रॉक्सिमल नलिका आणि लिव्हरच्या पेशी रंगवते, एएमए डिस्टल नलिका जास्त ठळक करते आणि जठरही रंगवते. वाचणाऱ्याची नजर चुकली की मुलाच्या आजाराला मध्यमवयीन बाईच्या आजाराचे, म्हणजे पीबीसीचे, नाव मिळते. शंका असेल तिथे पट्टीवर पडताळा करा, आणि दोन्ही निकाल एकाच कागदावर द्या.

४. आयजीजी आणि त्याची मर्यादा

आयजीजीचा आकडा मर्यादेशिवाय वाचता येत नाही. समजा निकाल १७०० मिलिग्रॅम आला. ज्या लॅबची वरची मर्यादा १६०० आहे तिथे १.१ पट म्हणजे १७६०, म्हणून गुण १. ज्या लॅबची मर्यादा १५०० आहे तिथे १.१ पट १६५०, म्हणून गुण २. रक्त तेच, माणूस तोच, आणि निदान ‘शक्यता’ वरून ‘पक्के’ वर जाते. व्हॉट्सअ‍ॅपवर निकालाची एकच ओळ पाठवली जाते तेव्हा हीच मर्यादा गळून पडते. काही लॅब ग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. १८.५ आणि १८५० एकच आहेत, पण ते कुणीतरी सांगावे लागते.

याच संदर्भात डॉक्टरांना एक विनंती. आयजीजी लिहून देण्याआधीच एक खूण साध्या एलएफटीमध्ये (लिव्हरच्या नेहमीच्या रक्ततपासणीत) पडलेली असते. टोटल प्रोटीनमधून अल्ब्युमिन वजा केले की ग्लोब्युलिन मिळते. प्रोटीन ८.९ आणि अल्ब्युमिन ३.४ असेल तर ग्लोब्युलिन ५.५, म्हणजे नेहमीच्या ३.५ च्या खूप वर. ए/जी रेशो (अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन यांचे गुणोत्तर) उलटा झालेला असतो. एसजीपीटी या लिव्हरच्या एन्झाइमचा आकडा सगळे पाहतात, त्याच पानावरच्या या ओळीकडे कुणी पाहत नाही. ग्लोब्युलिन इतर कारणांनी, अगदी कुठल्याही जुन्या सिरॉसिसमध्येही वाढते, हे खरे. पण एसजीपीटी सहा महिने वाढलेली, सोनोग्राफीत खास काही नाही आणि ग्लोब्युलिन ५ च्या वर, असा कागद समोर आला की आयजीजी आणि अँटिबॉडी मागवायला हव्यात. लिव्हर टॉनिकचा आणखी एक महिना नको.

५. पहिल्या गोळीआधीचे रक्त

आमच्या मते सर्वांत मोठे नुकसान इथे होते. कावीळ झाली, एसजीपीटी हजाराच्या घरात गेली, घरचे घाबरले, आणि कुणीतरी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केले. दोन-तीन आठवड्यांत आकडे उतरतात आणि सगळे खूश होतात. मग तज्ज्ञाकडे गेल्यावर आयजीजी उतरलेला असतो आणि बायॉप्सीत सूज विरलेली असते. आजार होता की औषधाची रिअ‍ॅक्शन होती, हे आता कुणालाच सांगता येत नाही. गोळी बंद करावी तर आजार उसळण्याची भीती, चालू ठेवावी तर निदान नसलेल्या आजारासाठी साखर, हाडे आणि डोळे पणाला लावायचे.

कधीकधी थांबणे शक्य नसते, हे आम्हाला कळते. आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचे माप) वाढत असेल, रुग्ण गुंगीत जात असेल, तर बायॉप्सीची वाट पाहणे धोक्याचे. पण रक्त काढायला पाच मिनिटे लागतात. पहिल्या गोळीआधी साध्या सीरमच्या दोन नळ्या भरा. एकीतून आयजीजी, एएनए, एसएमए, एलकेएम पाठवा. दुसरीचा सीरम वेगळा करून, नाव आणि तारीख लिहून उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवा. पुढे एसएलए किंवा आणखी काही लागले तर तीच नळी कामाला येते.

याच वेळी हिपॅटायटिस बीही नीट पाहायला हवा. कार्डावरची एचबीएसएजी पुरत नाही. अँटी-एचबीसी टोटल (जुन्या संसर्गाची अँटिबॉडी) केली नाही तर पूर्वी होऊन गेलेला, दबून बसलेला विषाणू स्टेरॉइडखाली पुन्हा जागा होऊ शकतो. हिपॅटायटिस सीची अँटिबॉडी कार्डावर पॉझिटिव्ह आली तर आरएनए करून खात्री करा, कारण आयजीजी खूप वाढलेला असताना ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. कावीळ ताजी असेल तर ए आणि ई यांच्या आयजीएम तपासण्याही हव्यात, पावसाळ्यात तर नक्कीच.

६. “काही औषध चालू आहे का?” एवढेच विचारणे

या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर ‘नाही’ असेच येते. कारण गुळवेलीचा काढा हे औषध नाही, तो घरचा काढा आहे, असे लोक मानतात. शेजारी त्याला ‘गळो’ म्हणतात. कोविडच्या काळात घरोघरी तो उकळत होता, आणि २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर ऑटोइम्यूनसारखा हिपॅटायटिस झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. हळदीच्या कॅप्सूल आणि अश्वगंधा यांच्याबाबतही लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. अ‍ॅलोपथीत टीबीची औषधे, लघवीच्या जंतुसंसर्गावरचे नायट्रोफ्युरँटोइन, मुरमांसाठीचे मिनोसायक्लिन, आणि दुखण्यावर कुणीही घेते ते डायक्लोफेनॅक.

म्हणून एकेक नाव घेऊन विचारा: काढा, चूर्ण, कावीळ उतरवणाऱ्याने दिलेली पुडी, जिममधली पावडर, वजन कमी करण्याचा चहा. मागच्या सहा महिन्यांतले सगळे केसपेपरवर लिहा. औषधामुळे झालेल्या आजारात स्टेरॉइड बंद केल्यावर तो सहसा उलटत नाही. खऱ्या ऑटोइम्यून हिपॅटायटिसमध्ये औषध बंद केले की बहुतेकांचा आजार परत येतो. पुढच्या वर्षांचा निर्णय या एका नोंदीवर उभा असतो.

तरुण रुग्णात विल्सन आजारही (ज्यात शरीरात तांबे साठते) पाहा, कारण त्यातही एएनए आणि आयजीजी वाढलेले असू शकतात. सेरुलोप्लाझ्मिन, स्लिट लॅम्पखाली डोळ्याची तपासणी आणि २४ तासांच्या लघवीतले तांबे. लघवी गोळा करण्याच्या सूचना लॅबने लेखी द्याव्यात. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची आणि ती वेळ लिहून ठेवायची. त्यानंतरची प्रत्येक लघवी, दुसऱ्या दिवशीच्या त्याच वेळेची धरून, लॅबने दिलेल्या डब्यातच. घरची बाटली किंवा लोटा वापरला तर तांब्याचा आकडा बिघडतो.

७. बायॉप्सीचा तुकडा

सुई १६ गेजची, तुकडा शक्यतो २ सेंटिमीटरचा, आणि त्यात मोजता येतील इतके पोर्टल ट्रॅक्ट (लिव्हरमधल्या रक्तवाहिन्या आणि पित्तनळ्यांचे जुडगे). चार मिलिमीटरच्या तीन चुऱ्यांवरून कुणीही निदान करू शकत नाही, तरी रिपोर्ट येतोच: ‘क्रॉनिक हिपॅटायटिस, क्लिनिकल कोरिलेशन करावे’. पॅथॉलॉजिस्टांनी स्पष्ट लिहावे की नमुना अपुरा आहे. ते वाचून आम्हाला वाईट वाटेल, पण फसवणूक होणार नाही.

तुकडा काढल्याबरोबर तो दहा टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये जायला हवा, तुकड्याच्या किमान दहापट द्रवात. वॉर्डात फॉर्मॅलिन नाही म्हणून सलाइनच्या बाटलीत टाकून संध्याकाळपर्यंत ठेवणे, किंवा गॉझवर वाळू देणे, यामुळे पेशी सडतात आणि सुजेचे चित्र पुसले जाते. आयएनआर १.५ च्या वर असेल किंवा प्लेटलेट फार कमी असतील तर मानेच्या शिरेतून बायॉप्सी होते. ती इथे होत नसेल तर लगेच तसे सांगा, म्हणजे रुग्ण वेळेत दुसरीकडे जाईल.

रिपोर्टात हे हवे: तुकड्याची लांबी, पोर्टल ट्रॅक्टची संख्या, पोर्टल भागाच्या कडेच्या पेशी कुरतडल्या जात आहेत का (याला इंटरफेस हिपॅटायटिस म्हणतात), प्लाझ्मा पेशी किती, पित्तनळ्या शाबूत आहेत का, चरबी किती, फायब्रोसिसचा (व्रण पडण्याचा) टप्पा कोणता. आणि दुसरे मत घ्यायचे म्हटले की स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) देताना खळखळ करू नका. वैद्यकीय वर्तनाच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत त्याची कागदपत्रे द्यायची असतात.

८. ‘सिरॉसिस’ हा शब्द

पीबीसीचे नाव २०१५ मध्ये बदलले. ‘प्रायमरी बिलिअरी सिरॉसिस’ हे ‘प्रायमरी बिलिअरी कोलान्जायटिस’ झाले, कारण बहुतेक रुग्णांना सिरॉसिस झालेलाच नसतो. तरी जुने नाव अजून छापले जाते. गुजरातेत राज्य झाल्यापासून दारूबंदी आहे. इथे एखाद्या बाईच्या कागदावर ‘सिरॉसिस’ दिसले की नातेवाइकांच्या, सासरच्या, कधी विमा कंपनीच्याही डोळ्यांत एकच प्रश्न उभा राहतो. पीबीसीचे बहुसंख्य रुग्ण स्त्रियाच असतात. नाव नवे छापायला खर्च काही नाही.

पीबीसीसाठी अल्कलाइन फॉस्फेटेस वाढलेले, एएमए पॉझिटिव्ह आणि बायॉप्सीत पित्तनळ्यांची खास इजा, या तिन्हींतल्या दोन गोष्टी पुरतात. म्हणून पहिल्या दोन मिळाल्या की सहसा सुई लागत नाही, हे रुग्णाला सांगा. अल्कलाइन फॉस्फेटेस हाडांतूनही येते, तेव्हा जीजीटी (हाडांतून न येणारे लिव्हरचे एन्झाइम) बरोबर हवी. पीबीसीवरच्या उर्सो या औषधाचा डोस वजनावर असतो, दर किलोला रोज १३ ते १५ मिलिग्रॅम. साठ किलोच्या बाईला रोज ३०० ची एक गोळी हा निम्म्याहूनही कमी डोस आहे. पीएससीचा (पित्तनळ्या जागोजागी अरुंद करणाऱ्या आजाराचा) संशय असेल तर एमआरसीपी (पित्तनळ्यांचा एमआरआय) करा, आणि पोटाची तक्रार नसली तरी मोठ्या आतड्याची कोलोनोस्कोपीही.

९. निदानानंतरचे दुर्लक्ष

लिव्हरचा कडकपणा मोजणाऱ्या फायब्रोस्कॅनच्या मोफत शिबिरांत उपाशी पोटाची चौकशी होत नाही. किमान तीन तास उपाशी हवे, दहा वैध मोजमापे हवीत. मुख्य म्हणजे एसजीपीटी ४०० असताना १४ किलोपास्कल आले म्हणून सिरॉसिस ठरत नाही, कारण सुजेनेही लिव्हर कडक लागते. उपचार सुरू होऊन सहा महिने झाल्यावरचे मोजमाप खरे धरावे.

अ‍ॅझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारे औषध) सुरू झाल्यावर पहिला महिना दर आठवड्याला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करावी लागते. भारतीयांत एनयूडीटी१५ या जनुकातले बदल असणाऱ्या काहींच्या पांढऱ्या पेशी काही आठवड्यांतच धोकादायक पातळीवर उतरतात. पांढऱ्या पेशी २००० वर आल्या तर तो रिपोर्ट संध्याकाळी ईमेलने पाठवून लॅबचे काम संपत नाही, रुग्णाला आणि डॉक्टरांना त्याच तासाला फोन जायला हवा. युरिक अ‍ॅसिडसाठी अ‍ॅलोप्युरिनॉल लिहिणाऱ्या डॉक्टरांनी आधी अ‍ॅझाथायोप्रिन चालू आहे का ते विचारावे. ही दोन औषधे एकत्र आली की पेशी वेगाने पडतात.

दर तीन महिन्यांच्या तपासणीत फक्त एलएफटी लिहिली जाते. उपचार लागू पडले असे म्हणायला एसजीपीटी, एसजीओटी आणि आयजीजी हे तिन्ही सहा महिन्यांच्या आत नॉर्मल व्हावे लागतात. आयजीजी पाहिलाच नाही, तर आतली धग शिल्लक आहे की नाही ते कळत नाही.

आता मागण्या सांगतो.

लॅबचालकांकडे: एएनए, एसएमए, एएमए, एलकेएम यांच्या प्रत्येक रिपोर्टवर पद्धत, कशावर केली (एचईपी-२ की उंदराचे काप), सुरुवातीचे डायल्यूशन, शेवटचा टायटर आणि आकृतिबंध लिहा. नुसत्या ब्लॉटच्या रिपोर्टखाली एक ओळ छापा: “या तपासणीत एएनए व एसएमए समाविष्ट नाहीत, निगेटिव्ह निकालाने ऑटोइम्यून हिपॅटायटिस नाकारता येत नाही.” आयजीजी दोन्ही एककांत आणि मर्यादेसह द्या. नमुना बाहेरगावच्या लॅबला जात असेल तर तसे आणि किती दिवस लागतील ते पावतीवर लिहा. दरपत्रकात पॅकेजच्या नावाखाली आत काय आहे ते उघड करा.

डॉक्टरांकडे: पहिल्या गोळीआधी रक्त घ्या. काढ्या-चूर्णांची नोंद केसपेपरवर करा. चारही रकान्यांचे गुण आणि त्यांची बेरीज फाइलच्या पहिल्या पानावर हाताने लिहून द्या. बेरीज ५ आली तर ५ लिहा, आणि पुढे कोणती तपासणी राहिली ते लिहा. अर्धवट निदान प्रामाणिकपणे लिहिलेले असले तर पुढचा डॉक्टर तिथून पुढे जाऊ शकतो.

रुग्णालयांकडे: बायॉप्सीच्या ट्रेमध्ये फॉर्मॅलिनची भरलेली बाटली आधीच ठेवा. स्लाइड आणि ब्लॉक मागितल्यावर द्या. आयुष्मान कार्डाने राज्यात कुटुंबाला वर्षाला १० लाखांचे छत्र दिले आहे, पण त्याचा भर दाखल रुग्णांवर आहे, ओपीडीतल्या या तपासण्या खिशातून होतात. निदान पैशाअभावी अडते तिथे आयजीजी आणि अँटिबॉडीसाठी रुग्णालयाने सवलतीचा दर ठरवून तो बोर्डावर लावावा.

आणखी एक मागणी भाषेची. राज्यकारभारातले शब्द एका भाषेतून दुसरीत नीट नेता यावेत म्हणून सयाजीराव महाराजांनी याच शहरात आठ भाषांचा कोश करवून घेतला, तेही १९३१ साली. रिपोर्टच्या तळाशी निकालाचा अर्थ सांगणाऱ्या दोन ओळी गुजरातीत, आणि मागितल्यास मराठीत, देणे आज कठीण नाही. लॅबचे सॉफ्टवेअर तेवढे करू शकते.

जे डॉक्टर आणि ज्या लॅब यातले बरेच आधीपासून करतात त्यांचे ऋण आम्ही जाणतो. आमच्या फायलींतली वाचता येणारी पाने त्यांचीच आहेत. बाकीच्यांनी या मागण्यांतले काय लगेच करता येईल, कशाला वेळ लागेल आणि काय होणारच नाही, ते लेखी कळवावे. जे होणार नाही त्याचे कारणही लिहावे. एसएमएसाठी कापांच्या स्लाइड महाग पडतात असे असेल तर दर सांगा. किती रुग्ण एकत्र आले तर एक किट वाया न जाता वापरले जाईल तो आकडा सांगा. त्या दिवशी तेवढे रुग्ण आम्ही आणू.

आपले,
बडोद्यातील ऑटोइम्यून लिव्हर आजारांचे काही रुग्ण आणि त्यांच्या घरचे